धान्याच्या खोलीतलं दोन फुटी वळण

सोमवार, ता. ६ जानेवारी १९३६

आलं —
मुंबईहून व्ही.पी.नं रुळांचं खोकं : सरळ रूळ चार, एक फुटी वळणं सहा. चार रुपये सहा आणे. टपाल हशील नऊ आणे निराळं.
त्याआधी शनिवारी, गिरणीतल्या एका विलायती साहेबाच्या लिलावातून : चावीचं इंजिन एक, लांब डबे तीन. अकरा रुपये.
एकूण पंधरा रुपये पंधरा आणे.

पंधरा रुपये पंधरा आणे! हा खर्च किरकोळीत लिहायचा की धर्मादायात, कळेना. शेवटी नवं खातं उघडलं — 'यजमान, करमणूक'. लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्या खात्यावर हा पहिला खर्च. पण पहिल्याच खर्चात दोन महिन्यांची ज्वारी गेली.

लिलावात लोक खुर्च्या घेतात, चिनी मातीच्या बशा घेतात. ह्यांच्या चनबसप्पामामांनी आरसा घेतला. आमच्या स्वारीनं आगगाडी घेतली. विचारलं, 'कुणासाठी?' तर म्हणाले, 'डबे बघ किती लांब आहेत!'

हे काय उत्तर झालं?

घरात मूल नाही आणि खेळणं आलं, हे शेजारच्या सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारचा उपास. लिंगपूजा झाली. मन नव्हतं.

बुधवार, ता. ८ जानेवारी

आज पहिली फेरी. सोप्यातली चटई गुंडाळली, रूळ जोडले. एक फुटी म्हणजे मधल्या बिंदूपासून रुळापर्यंत एक फूट, असं ह्यांनी मला समजावलं. मी मॅट्रिक झाले आहे हे मधूनमधून विसरतात.

इंजिन एकटं सोडलं — काय सुरेख फिरलं! अव्वा (माझ्या सासूबाई) रुद्राक्षांची माळ हातात धरून बघत राहिल्या. 'अय्यो शिवने!' म्हणाल्या. चार मणी तरी मोजायचे राहिले असतील.

मग डबे जोडले. सरळ रुळावर राजासारखे गेले. वळणावर आले आणि मधल्या डब्याचं पोट आत, दोन्ही टोकं बाहेर! लहान ताटलीत मोठी भाकरी वाढावी तसं. बाहेर आलेल्या टोकानं पाण्याचा तांब्या लवंडला, डबा आत कलला, मागच्याला ओढलं, आणि दोन्ही आडवे. पुन्हा उभे केले. पुन्हा तिथंच आडवे. संध्याकाळपर्यंत हेच.

'पंधरा रुपयांत पाणी सांडायला शिकलास,' अव्वा म्हणाल्या.

गुरुवार, ता. ९ जानेवारी

डबे पडले.

रविवार, ता. १२ जानेवारी

धान्याची खोली रिकामी झाली. ज्वारीच्या कणग्या स्वयंपाकघरात आल्या, शेंगांची पोती माळ्यावर गेली. गडी लावून चुना दिला. अव्वांनी स्वतः पदर खोचून कोपरे पाहिले. पांढरी स्वच्छ खोली. सहा फूट रुंद, साडेसात फूट लांब. खाट यायची आहे.

कुणासाठी ते घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. मी इथं म्हणते. वळसंगच्या सिद्धप्पांची मुलगी, नीलम्मा. अव्वांनी दिवाळीपासून बोलणं चालवलं आहे. मला मूल झालं नाही म्हणून ह्यांचं दुसरं लग्न. माझी खोली मला राहणार, मान मला राहणार, किल्ल्या मला राहणार. 'तू काय कुठं जायची नाहीस, यव्वा, पोरी. तिची थोरली बहीण होऊन राहशील,' असं अव्वा माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. तेल लावत होत्या. हात उबदार होता.

अव्वा वाईट नाहीत. माझ्यासाठी किती देवांना नवस बोलल्या आणि किती उपास काढले, त्याचा हिशेब माझ्या वहीत नाही, त्यांच्या गुडघ्यांत आहे.

आणि हे? हे मोजणी खात्यात अव्वल कारकून. वीतभर बांधासाठी पाच पानी टिपण लिहितात. घरात 'हो का नाही' विचारलं की प्रकरण विचाराधीन. अव्वांनी जेवताना विचारलं, 'अरे —, सिद्धप्पा गड्ड्याच्या जत्रेला येणारायत. काय सांगू?' (नाव अव्वा घेतात, मी लिहीत नाही.)

हे म्हणाले, 'आधी हे वळण बसू दे अव्वा. मग बघू.'

वळण! माझा जीव टांगणीला आणि ह्यांना वळण सुचतं. 'नको' हा दोन अक्षरी शब्द ह्यांच्या खात्यात छापलेला नाही वाटतं.

बुधवार, ता. १५ जानेवारी

सिद्धप्पा यात्रेला आलेले, दुपारी जेवायला आले. नीलम्मा बरोबर. सोळा वर्षांची असेल. हिरवं इरकली लुगडं, हातात नव्या बांगड्या, गड्ड्यावर घेतलेल्या. मी तिला वाईट नजरेनं बघायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

आली ती सरळ रुळांपाशी जाऊन बसली. 'अक्का, ह्यात मानसं बसत्यात व्हय?' मी म्हटलं, 'नाही गं, खेळण्यातली आहे.' 'लई लांब हायत की डबं!' म्हणाली, आणि डबा पडला की टाळ्या पिटायची. ह्यांना पहिल्यांदाच डबे पडल्याचं कौतुक करणारं कुणीतरी भेटलं. तरी स्वारी खूश दिसेना. मान खाली घालून चाकं पुसत बसली.

सिद्धप्पा भला माणूस. शेतीवाडी, बोलणं मोकळं. अव्वांना म्हणाले, 'पोरगी कामाला वाघीन हाय. फकस्त तिला आंधारात भ्या वाटतं.' आणि हसले.

अव्वांनी तिला पांढरी खोली दाखवली. मी मागं उभी. ती दारातूनच आत डोकावली, माझा पदर धरला आणि हळूच म्हणाली, 'हितं येकटीनं निजायचं, अक्का? घरी मी आयशेजारी निजते.'

मी म्हटलं, 'चल, तुला गूळपोळी देते.'

सिद्धप्पांनी जाताना विचारलं, 'मग आमी काय समजावं?' ह्यांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं, आणि काय सांगितलं? सांगितलं की लांब डब्यांना एक फुटी वळण पुरत नाही, त्याचा काहीतरी निकाल लागला की मग पुढचं! सिद्धप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघितलं.

शनिवार, ता. १८ जानेवारी

निकाल लागला म्हणे! दोन फुटी वळणं हवीत. गोल पुरा करायला एक डझन. आठ आणे प्रत्येकी, म्हणजे सहा रुपये, वर हशील!

बरं, घालायची कुठं? नकाशा काढला. कचेरीतल्यासारखा, उत्तर दिशेच्या बाणासकट. दोन फुटी चक्कर म्हणजे चार फूट रुंद, डब्यांची टोकं बाहेर येतात त्यांची अर्धा फूट वाट, झाले साडेचार. दोन्ही अंगांना सरळ रूळ घातले की लांबी सव्वासहा. सोप्यात घातलं तर दारातून स्वयंपाकघरात जायला वाट उरत नाही. म्हणून धान्याच्या खोलीत.

धान्याच्या खोलीत! ज्या खोलीच्या चुन्याचा वास आला तरी मी पदर नाकाला लावून पुढं जाते, तिथं ह्यांना खेळ मांडायचा आहे. माणसानं किती बेफिकीर असावं!

मी रागानं एक काम केलं. ह्यांना न विचारता मुंबईच्या दुकानाला पत्र टाकलं. तीन लांब डबे घेऊन त्यांच्या बदली आखूड डबे द्याल काय, फरक किती पडेल, उलट टपाली कळवावे. वळण मोठं करायला सहा रुपये घालण्यापेक्षा डबे लहान करावेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आगगाडीलाही लागू आहे.

पोस्टाचा खर्च 'यजमान, करमणूक' ह्या खात्यावरच टाकला.

मंगळवार, ता. २१ जानेवारी

बादशहा वारल्याची तार आली. कचेरी बंद. साम्राज्यभर शोक. आमच्या घरी दिवसभर गाडी. सतरांदा पडली असेल.

शनिवार, ता. २५ जानेवारी

सरदारबी कासारीण बांगड्या भरायला आली. संक्रांतीला भरल्या त्यातल्या दोन फुटल्या, म्हणून मी बोलावलं. सोप्यात बसली, आणि डबा नेमका तिच्या टोपलीवर येऊन आदळला! ह्यांनी डबा उचलला, माफी मागितली आणि लाजून कचेरीला निघून गेले.

सरदारबी माझ्या हाताला तेल चोळत म्हणाली, 'बाई, तुमारे सायब अच्छे हैं. हमारे बडेसाब को कबूतरां का नाद. मैं बोली, उडाओ बाबा. मरद का दिल छप्पर पे है तो घर पेइच है.' मी म्हटलं, 'आणि धान्याच्या खोलीत असलं तर?' तिला कळलं नाही. हसली मात्र. 'फिर तो घर के अंदरच हुआ ना!'

एकाच बांगडीचे पैसे घेतले आणि दुसरी तशीच भरून गेली. मी नको म्हटलं. 'रहने देव. जोडी अधुरी नको.'

सोमवार, ता. २७ जानेवारी

दुकानाचं उत्तर आलं! लांब तीन डबे घेतात, आखूड चार देतात, वर दोन रुपये आपल्याला परत. आखूड डबे एक फुटी वळणावर हमखास जातील असं लिहिलं आहे. दोन रुपये वाचले — नाही, आठ वाचले!

जेवताना वाचून दाखवलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

मिळाली. पण अव्वांकडून! 'सुनेचं बरोबर आहे. आखूड डबे घे. सोप्यात कोपऱ्यात फिरव काय फिरवायचं ते. शिकलेली सून म्हणतात ती ही.' नऊ वर्षांत अव्वांनी माझ्या शिक्षणाला पहिल्यांदा नावाजलं. आणि मला लगेच आमटीत एक डाव तूप घातलं.

ह्यांचा घास हातात तसाच. तोंडावरचा रंग उतरला. मला वाटलं, लांब डबे जाणार म्हणून. एवढा जीव डब्यांवर! हात धुऊन आले आणि म्हणाले, 'आखूड डब्यांची गाडी ही मालगाडी दिसते. मला माणसांची हवी.'

'खोट्या माणसांची,' मी म्हटलं.

'हो. खोट्या माणसांची.' एवढंच.

मी पान मिटते. मला जिंकल्यासारखं वाटत नाही. का ते कळत नाही. अव्वांनी घातलेलं तूप आठवतंय. अव्वा तूप मोजून घालतात.

मंगळवार, ता. २८ जानेवारी

बादशहाच्या अंत्ययात्रेची सुट्टी. चनबसप्पामामा आले, अव्वांचे भाऊ. तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते, आता पेन्शनीत. अव्वांनीच बोलावलं — 'लांब डबे लहान वळणावर जातात का नाही, तूच एकदा सांग बाबा. म्हणजे हा खोली सोडेल.'

मामा शिटी घेऊन आले! हिरवं निशाण नव्हतं म्हणून माझं हिरवं झंपराचं कापड मागितलं. चष्मा लावून रुळांशी आडवे झाले. बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं डोळा लागला.

मग म्हणाले, 'डबे हलके आहेत. माल भरा.' एकेका डब्यात मूठ मूठ ज्वारी भरली. खिडक्यांतून ज्वारी दिसायला लागली — चांगली वऱ्हाडाची गाडी! मामांनी बजावलं, 'चावी कमी. अर्धीच पिळायची. गाडी कशी, गरोदर बाईसारखी चालली पाहिजे.' आणि लगेच जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मामांनी शिटी फुंकली. झंपर हलवलं. हळू हळू गाडी निघाली. वळणावर आली. डब्याचं पोट आत गेलं, टोकं बाहेर आली, कडकड आवाज झाला — आणि गाडी निघाली की पलीकडे! एक फेरी. दुसरी फेरी. अव्वा उभ्या राहिल्या. 'झालं! झालं! बसलं वळण!' मामांनी मिशीवर हात फिरवला. 'तीस वर्षं, ताई. तीस वर्षं.'

मी स्वयंपाकघराच्या दारात, कणग्यांपाशी उभी होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. खर्च वाचला. पण अव्वा गाडीकडे बघत नव्हत्या. पांढऱ्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. आणि म्हणाल्या, 'आता खाट आणते. शुक्रवारी सिद्धप्पाला निरोप पाठवते.'

हे म्हणाले, 'आणखी एकदा बघू या.'

गाडी हातात घेतली. पाठ अव्वांकडे, मामांकडे. तोंड माझ्याकडे. चावी घातली. अर्धी पिळली. थांबले. माझ्याकडे बघितलं. मग पुरी पिळली. मग आणखी दोन पीळ दिले.

मी पाहिलं.

अव्वांनी नाही पाहिलं.

गाडी सुटली ती सिद्धरामेश्वराच्या रथालाही मागं टाकील अशी. वळणावर इंजिनासकट उडाली. सोपाभर ज्वारी! मामांच्या चष्म्यावर ज्वारी. एक डबा थेट कणगीखाली.

हे गंभीर तोंड करून म्हणाले, 'बघा मामा. माझा नाइलाज आहे. लांब डब्याला दोन फुटीच लागतं.'

मी ज्वारी वेचत होते. दाणा न् दाणा. मान वर करायचं धाडस झालं नाही. वर केली असती तर एक तर हसले असते, नाहीतर —

बुधवार, ता. २९ जानेवारी

दुकानाच्या पत्राला उत्तर धाडलं नाही.

शुक्रवार, ता. ३१ जानेवारी

मी किती मूर्ख! मॅट्रिक होऊन काय उपयोग. साडेचार फुटांचं चक्कर, सहा फुटांची खोली. उरतो दीड फूट. दीड फुटात खाट बसत नाही. हे गणित नकाशात पहिल्या दिवसापासून होतं. मी त्यात फक्त सहा रुपये बघितले.

आणि वर आखूड डबे मागवायला निघाले होते! दोन रुपये वाचवायला मी काय विकायला काढलं होतं!

पण मला खात्री नाही, हेही लिहिते. कदाचित ह्यांना खरंच गाडीचाच नाद आहे. चावी चुकून जास्त पिळली गेली असेल. ज्या माणसानं आजवर कुणाला 'नाही' म्हटलं नाही, त्याच्या मनातलं ओळखायचं कसं? विचारणार होते. पूजेला बसले, देवाला विचारलं. देवही विचाराधीन.

सकाळी कचेरीला निघताना हे उंबऱ्यात चप्पल घालत होते. मी बाहेर आले. देवाच्या डब्यातले (दर सोमवारी एक आणा टाकते तो डबा) सहा रुपये आणि हशिलाचे वेगळे, ह्यांच्या हातावर ठेवले. म्हटलं, 'एक डझन.'

ह्यांनी पैसे मोजले नाहीत. एरवी बारा आणे दिले तरी मोजतात.

म्हणाले, 'खात्यावर काय लिहिशील?'

म्हटलं, 'घरदुरुस्ती.'

ह्यांनी टोपी नीट केली. निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना एकदा मागं बघितलं. लग्न झाल्यापासून त्या कोपऱ्यावर हे कधी मागं बघत नाहीत.

सिद्धरामेश्वरा, डब्यातले पैसे परत टाकीन. आणा आणा करून टाकीन.

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी

अव्वांनी खाट मागवली. सुताराला सांगून ठेवलंय, शनिवारी येईल. उपास होता.

शनिवार, ता. ८ फेब्रुवारी

आलं : दोन फुटी वळणं, एक डझन. आणि खाट. दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच दारात! टपालवाला आणि सुतार एकमेकांना म्हणत होते, 'तुम्ही आधी.'

टपालवाला आधी आला. हे कचेरीतून जेवायला आले होते ते परत गेलेच नाहीत. रजेची चिठ्ठी पाठवली — 'घरगुती बांधकाम'. धान्याच्या खोलीत गुडघ्यांवर बसून रूळ जोडत गेले. सुतार बाहेर खाटेला टेकून विडी ओढत बसला.

अव्वा दारात आल्या. 'हे काय चालवलंयस?'

'दोन फुटी, अव्वा.'

'ते कळलं. खाट कुठं ठेवू?'

'बसत नाही.'

'बसत नाही म्हणजे? उचल ते पत्रे!'

'डबे लांब आहेत, अव्वा.'

'मग डबे टाक!'

हे उठले नाहीत. एक वळण दुसऱ्यात सरकवत होते. खाच सापडेना. तसंच खाली बघून म्हणाले, 'डबे टाकायचे नाहीत. साहेबानं इतकी वर्षं सांभाळले. मी आणले ते लांब आहेत म्हणून टाकायचे?'

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. मी खरोखर स्वयंपाकघराच्या दारातून कणगीमागं सरकले. वाटलं, आता माझ्यावर येणार — तूच शिकवलंस! पण अव्वा म्हणाल्या, 'तुझा बाप पण असाच. सरळ कधी बोलला नाही. आयुष्यभर ज्वारीच्या भावावर बोलायचा आणि मी समजायचं.' आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दोन तांब्यांना पोचे पडले.

सुताराला मी अर्धे पैसे देऊन खाट परत पाठवली. तोटा झाला. लिहिला. 'घरदुरुस्ती.'

संध्याकाळी गाडी सोडली. लांब डबे वळणावर आले. मी डोळे मिटले. आवाज आला नाही. उघडले तर डबे एकामागं एक, अंगाला अंग न घासता, सावकाश वळत होते. भिंतीपासून वीतभर जागा राखून. एवढंसं वळण मोठं केलं तर काय सुरेख चालतात!

मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी

दुपारी पाणी भरून आले तर धान्याच्या खोलीत किल्लीचा आवाज. हे कचेरीत. डोकावले. अव्वा! एकट्या जमिनीवर बसलेल्या, पाय पसरून, माळ बाजूला ठेवून. गाडी फिरत होती. डबा समोर आला की त्या हळूच म्हणायच्या, 'बा, बा.' ये ये म्हणतात तसं. लहान मुलाला बोलवावं तसं.

मी आवाज न करता मागं झाले. घागर ठेवताना सांडली. आज पाणी सांडल्याबद्दल कुणी बोललं नाही.

बुधवार, ता. १२ फेब्रुवारी

ह्यांनी पत्राचा मजकूर सांगितला, मी लिहून दिलं — अक्षर माझं चांगलं आहे म्हणे. अव्वा दारात उभ्या होत्या, अडवलं नाही. 'पोरीला गूळपोळी आवडली होती, तेही लिही,' म्हणाल्या. नक्कल इथं उतरून ठेवते. खाली सही ह्यांनीच केली.

'वळसंग मुक्कामी राजमान्य राजेश्री सिद्धप्पा यांस शरणु शरणार्थी. विनंती विशेष. आमच्या घरची धान्याची खोली दोन फुटी लोहमार्गाने कायमची व्यापली असून आणखी माणसाला निजावयास जागा उरलेली नाही. मोजणीचा नकाशा सोबत जोडला आहे, खात्री करून घ्यावी. डबे लांब असल्याने वळण लहान करता येत नाही, आणि डबे बदलण्याची आमची इच्छा नाही. सबब चि. नीलम्माकरिता अन्यत्र चांगले स्थळ पाहावे. शक्यतो जेथे तिला एकटीने निजावे लागणार नाही असे. सोबत गूळपोळ्या पाठवीत आहोत. हे पत्र पोचल्याचे कृपा करून उलट टपाली कळवावे, म्हणजे रूळ खिळ्यांनी पक्के करण्यास हरकत नाही.'